निचऱ्याचा विसर



मराठीत ‘वाफसा’ हा फार नेमका शब्द आहे. पाऊस होऊन गेला किंवा रानाला पाणी दिले, की दोन-चार दिवसांनी जमीन अशा अवस्थेला येते की ती ओली असते पण चिखल नसते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर तो फुटतो. कुळव चालतो, पाभर चालते. मातीच्या कणांमध्ये पाणी आहे आणि हवाही आहे, अशी ही स्थिती. पिकाची मुळे पाण्यात जगत नाहीत, वाफशात जगतात. जमीन, पाणी आणि अन्न यांच्या समतोलावर बोलावे असे मंडळाने सुचवले, तेव्हा मला पहिल्यांदा हाच शब्द आठवला.

वाफसा यायला पाणी यावे लागते, आणि जादा पाणी जावेही लागते. गेल्या दोनशे वर्षांत आपल्या देशात पाणी आणण्याचा मोठा इतिहास घडला. धरणांच्या कोनशिला आहेत, कालव्यांना नावे आहेत, अभियंत्यांचे पुतळे आहेत. पाणी जाण्याच्या वाटेला मात्र ना कोनशिला, ना नाव. आज मी या दुसऱ्या वाटेचा इतिहास सांगणार आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण घर कृष्णेच्या खोऱ्यातले आणि शेती पिढीजात. (आमच्याकडचे जैन हे मुळात नांगर धरणारे, हे गुजरात-राजस्थानच्या जैन मंडळींना सांगितले की त्यांना अजून नवल वाटते.) दवाखान्यात येणारा शेतकरी गुडघ्याच्या दुखण्यावर पाच मिनिटे बोलतो आणि ‘रान खाऱ्याला लागलंय’ यावर पंधरा मिनिटे. तेव्हा हा विषय माझ्याकडे चालत आला आहे.

सुरुवात आपल्या मुलखापासून बरीच लांब, कर्नाळला करावी लागते. हरयाणातले हे गाव पश्चिम यमुना कालव्यावर आहे. कालवा मुळात फिरोजशहा तुघलकाच्या काळातला, चौदाव्या शतकातला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात तो पुन्हा वाहता केला. पाणी आले, शेते हिरवी झाली आणि त्याबरोबर ताप आला. कर्नाळला लष्कराची छावणी होती. १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे तापाने इतका कहर केला, की छावणी उठवून अंबाल्याला न्यावी लागली. मग सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेकर आणि यूल हे दोन अभियंते होते आणि डेम्पस्टर नावाचा एक शल्यवैद्य होता. तिचा अहवाल १८४७ चा.

या डेम्पस्टरबद्दल मला, एक डॉक्टर म्हणून, आदर वाटतो. किती लोकांना ताप येऊन गेला हे विचारून खरे उत्तर मिळत नाही; लोक विसरतात, वाढवून सांगतात, लपवतात. त्याने गावोगावी माणसांची पोटे तपासली. हिवतापाचे हल्ले वारंवार झाले की प्लीहा वाढते आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागते. कोणत्या गावात शंभरातल्या किती जणांची प्लीहा वाढली आहे, यावरून त्याने गावांची तुलना केली. पुढे शंभर वर्षे हिवतापाची पाहणी जगभर याच रीतीने होत राहिली. समितीला दिसले ते असे: कालव्याकाठची सगळीच गावे आजारी नव्हती. जिथे जमीन रेताड आणि निचऱ्याची, तिथे कालवा शेजारून जाऊनही प्लीहा कमी. जिथे चिकण माती, आणि कालव्याच्या भरावाने किंवा पाटांनी पावसाच्या पाण्याच्या जुन्या वाटा अडवल्या, तिथे जास्त. डासाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिद्ध केला तो १८९७ मध्ये. ही मंडळी दूषित हवेला दोष देत होती. कारण त्यांना सापडले नव्हते, पण मोजमाप पक्के होते.

त्याच कालव्यांच्या प्रदेशात शेतांवर पांढरी खपली दिसू लागली. तिकडे तिला ‘रेह’ म्हणतात. तक्रारी आल्या, १८७० च्या दशकात रेह समितीही बसली. या अनुभवातून एक गोष्ट मात्र झाली. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७३ मध्ये जो कायदा झाला त्याचे नावच मुळी कालवा आणि निचरा कायदा असे ठेवले गेले. सहा वर्षांनी, १८७९ मध्ये, आपल्या मुंबई इलाख्याचा कायदा आला. त्याचे नाव नुसते पाटबंधारे कायदा. निचऱ्याची कलमे आत आहेत, पण नावातून तो शब्द गेला. नावात काय आहे असे कोणी म्हणेल. सरकारी कामात पुष्कळ असते. नावात जे असते त्याचे खाते निघते, आणि खाते असले की पैसा येतो.

दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. त्यानंतर पुणे जिल्ह्यात नीरेचा डावा कालवा निघाला. १८८५ मध्ये तो सुरू झाला. भाटघरचे धरण १८९२ च्या सुमारास पुरे झाले. हेतू दुष्काळनिवारणाचा: बारामतीकडच्या कोरड्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी वाचवायची. पण पाऊस बरा झाला तर शेतकरी ज्वारीला पाणी घेईना. काळ्या रानात शालू जमिनीतल्या ओलीवर येतो. त्याला पैसे देऊन पाणी कशाला? कालवा तोट्यात चालला. मग सासवडचे माळी आले. ऊस लावण्यात आणि गूळ करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी खाली येऊन जमिनी खंडाने घेतल्या, पेंडीचे खत भरपूर घातले आणि ऊस उभा केला. ऊस बारा-बारा, आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने पाणी घेतो आणि त्याचे पैसेही देतो. कालव्याचे उत्पन्न वाढले. सरकार खूश, शेतकरी खूश. दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाचा झाला, तो कोणाच्या लबाडीने नव्हे. पाणी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही त्यातच फायदा होता.

हे वेळीच ओळखणाऱ्यांत विश्वेश्वरय्या होते. १९०० च्या आसपास मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी नीरेवर ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. पाणी कुठेही, कोणालाही, मागेल तितके द्यायचे नाही. ठरावीक गट आखायचे, त्यातल्या एका भागात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, त्यांची फेरपालट करायची, आणि त्याच पाण्यात जास्त गावांना वाटा द्यायचा. विश्वेश्वरय्या म्हटले की आपल्याला खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर आठवते. मला विचाराल तर ही ब्लॉक पद्धत त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम होते.

तोवर नुकसान सुरू झाले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका काढली. हजारो एकर जमीन पाणथळ आणि खारी होत होती. १९१६ मध्ये मुंबई सरकारने यासाठी एक खास पाटबंधारे विभाग उघडला. तोच वाढत वाढत आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला. आज ही संस्था बंदरांचे आणि धरणांचे नमुने तपासण्यासाठी ओळखली जाते. तिचा जन्म मात्र बारामतीकडच्या नासलेल्या उसाच्या रानांतून झाला.

इथे थोडे थांबून, इंग्रजांच्या आधी आपल्या लोकांना हे कळत होते का, ते पाहू. कळत होते. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. या वर्षी बंधाऱ्यात पाणी किती, हे पाहून गावाची बैठक कोणत्या फडात काय हे ठरवी. ऊस एका फडात. पुढल्या वर्षी तो फड बदले. शेतकऱ्याचे तुकडे शक्यतो वेगवेगळ्या फडांत असत, म्हणून एकट्याचे नुकसान होत नसे. पाटकरी, हवालदार, जागल्या यांना धान्यात मोबदला. आणि पाटाच्या अखेरीस जादा पाणी पुन्हा नदीत किंवा ओढ्यात सोडण्याची सोय बांधलेलीच असे. पाणी येण्याची आणि जाण्याची वाट एकाच आराखड्यात होती.

गोव्यातल्या श्रोत्यांना खाजन जमिनी सांगायला नकोत. तिथे शत्रू समुद्राचे खारे पाणी. गावकरीने बांध घातले, बांधात मानस बसवली. भरतीला तिची दारे पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. मृगाच्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगूट हे मीठ सोसणारे भात पेरायचे. ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांनी मिठाशी भांडण केले नाही, त्याला जायला दार ठेवले.

आता आपल्या कृष्णेच्या खोऱ्याकडे येतो. इथली गोष्ट नीरेपेक्षा वेगळी आहे, आणि थोडी अधिक अवघडही, कारण इथे दोष द्यायला कालवा नव्हता. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. ते पहिल्या महायुद्धाच्या काळात अडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याचे पाणी नदीतच सोडायचे, जागोजाग फळ्या घालून काढता येणारे बंधारे बांधायचे आणि तिथून पंपाने उचलायचे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव आता देशभर झाले आहे. लोकांनी सहकारी उपसा संस्था काढल्या, मैल मैल पाइप घातले, कर्ज काढले, फेडले. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याची वाट दाखवल्यावर आमच्याकडे वारणा, पंचगंगा, सांगली, शिरोळ असे कारखाने उभे राहिले. सीमेच्या अलीकडे चिकोडी, रायबाग, अथणी, उगार, तोच ऊस आणि तोच पंप. भाषेवरून आम्ही कितीही भांडलो तरी पीक एक आहे.

या लोकांनी गरिबी हटवली यात शंका नाही. मुले शिकली, माझ्यासारखी. पण पाणी सरकारने दिले नाही, आपण उचलले, म्हणून निचरा कोणी करायचा हा प्रश्नच उठला नाही. पाटबंधारे खात्याची हद्द नदीच्या काठाशी संपत होती.

क्षाराचा हिशेब साधा आहे, शाळेतल्या गणिताचा. कृष्णेचे पाणी गोड. तरीही लिटरला पाव ग्रॅम विरघळलेले क्षार धरा. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले, तर एकरात सुमारे ८,००० घनमीटर पाणी जाते. त्याबरोबर दरवर्षी एकरी दोन टन क्षार रानात येतो. पाणी हवेत उडून जाते, क्षार उडत नाही. तो पावसाने धुऊन खाली आणि पुढे जावा लागतो. मुरमाड रानात तो जातो. आमच्या काळ्या करल रानात, जिथे चिकण माती पन्नास-साठ टक्के, पाणी खाली सरकत नाही. भूजल वर येत येत दीड मीटरच्या आत आले, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते मातीतून वर चढते, उन्हात सुकते आणि क्षार वर ठेवून जाते. पुढचा टप्पा चोपणाचा. सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, माती फुटून तिची राळ होते, पावसात ती तेलकट आणि उन्हात दगड. मग पाणी वरून खालीही जात नाही. अशा रानात वाफसा हा शब्दच संपतो.

पहिल्यांदा उत्पन्न एकरी पाच-सात टनांनी घटते. शेतकरी खत वाढवतो. पुन्हा घटते, तो पाणी वाढवतो. अंगावर सूज असलेल्या रोग्याला कोणी तांब्याने पाणी पाजावे, तसा हा उपचार. दहा-पंधरा वर्षांत रान पडीक, बाभळी आणि पाणकणीस उगवलेले. शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत अशी हजारो हेक्टर आहेत आणि सीमेच्या या बाजूलाही नदीकाठची गावे त्याच वाटेवर आहेत.

याचा सामाजिक स्फोट एकदा झाला, तो कालव्याच्या प्रदेशात. मलप्रभेवर नविलतीर्थचे धरण १९७० च्या दशकात झाले आणि नरगुंद-नवलगुंदच्या काळ्या कापसाच्या रानांत पाणी गेले. काही गावांत पाणी पोचले नाही, काहींत जास्त झाले आणि जमिनी पाणथळ होऊन खारावल्या. त्यातच सरकारने पाणीपट्टीबरोबर सुधारणा-कर लावला. ‘तुमची जमीन सुधारली, तेव्हा भरा’ असा त्याचा अर्थ. ज्याचे रान पांढरे पडले होते त्याने हे ऐकून काय करावे? २१ जुलै १९८० रोजी नरगुंदला मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसे गेली, पोलीसही मारले गेले. कर्नाटकातली रयत संघाची चळवळ यातून उभी राहिली. आपल्याकडे तिचा इतिहास कर्जमाफी आणि शेतमालाच्या भावाच्या अंगाने सांगितला जातो. तिच्या मुळाशी खारावलेली जमीनही होती, हे फार कमी वेळा सांगितले जाते.

त्याच दशकात कृष्णेच्या पाण्याची वाटणी झाली. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला: ७५ टक्के भरवशाचे पाणी २,०६० टीएमसी, त्यात महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. हे आकडे आमच्या भागात पोरांनाही पाठ आहेत. पण निवाड्यात आणखी एक हिशेब आहे, त्याकडे लक्ष जात नाही. सिंचनाला वापरलेल्या पाण्यातला काही भाग झिरपून पुन्हा नदीत येतो. लवादाने त्याचेही ७० टीएमसी धरून तीन राज्यांना २५, ३४ आणि ११ असे वाढवून दिले. म्हणजे रानातून परत येणारे पाणी लवादाने जमेच्या बाजूला लिहिले. ते परत येते कोणत्या वाटेने, ती वाट मोकळी आहे का, आणि येताना ते काय घेऊन येते, हे लवादाच्या कामात बसत नव्हते. तीन राज्यांच्या वकिलांनी पाण्याच्या थेंबाथेंबासाठी वर्षानुवर्षे युक्तिवाद केले. क्षाराची वाटणी कोणी मागितली नाही.

अन्नाबद्दल थोडेच बोलतो, कारण ते सर्वांना दिसते. नदीकाठच्या या रानांत शालू, हरभरा, खपली गहू, करडई, मिरची, तंबाखू होता. शालूची भाकरी आता आमच्याकडे विकत आणावी लागते, आणि खपली मधुमेहाच्या रोग्यांसाठी औषधासारखी महाग झाली आहे. महाराष्ट्रात लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे दोन-तृतीयांश पाणी घेतो, हा आकडा वारंवार सांगितला जातो. पण जे रान चोपण होते ते उसालाही जाते आणि ज्वारीलाही. ऊस की धान्य हा वाद तिथे उरत नाही.

उपाय ठाऊक नाही असे नाही. कर्नाळचेच पाहा. जिथून तापामुळे छावणी उठली, त्याच कर्नाळला १९६९ मध्ये केंद्रीय मृद-क्षारता संशोधन संस्था निघाली. आमच्याकडे सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात काळ्या जमिनीवर काम झाले. जमिनीत मीटर-दीड मीटर खोल, ठरावीक अंतरावर छिद्रांचे पाइप पुरायचे, त्यांवर गाळणीचे कापड, ते सगळे एका मोठ्या पाइपाला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. चोपण असेल तर जिप्सम. शिरोळमध्ये श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून हे काम मोठ्या क्षेत्रावर केले आहे. एकट्याने हे होत नाही, कारण माझ्या रानाचे पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून जाणार. फडातल्या बैठकीची गरज इथे पुन्हा लागली.

आणि ओढा लागतो. जुन्या मोजणीच्या गावनकाशांत ओढे-नाले काढलेले आहेत. ती जमीन लागवडीतून वगळून ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेली असते. आज नकाशा घेऊन रानात गेले तर नकाशातला ओढा अनेक ठिकाणी सापडत नाही. तो बुजवून नांगरलेला असतो, त्यावर ऊस असतो. एक सरी वाढली म्हणून आनंद मानणाऱ्याने वरच्या बाजूच्या चाळीस एकरांचे तोंड बांधलेले असते, आणि तो बहुधा भाऊबंदच असतो. आमच्या तालुक्यातले दिवाणी खटले चाळले तर त्यात हे भाऊबंद भेटतील.

पाइप घातलेल्या रानांत दोन-तीन पावसाळ्यांत क्षार उतरतो. आधी ताग-धैंचा, मग गहू, मग पूर्वीसारखे पीक येते. पूर्वीसारखे म्हणजे ऊस. काहींनी ठिबक केले आहे, पुष्कळांनी नाही. रान सुधारले या आनंदात पाट पुन्हा पूर्वीसारखा मोकळा सोडला जातो.

शेवटी एक गोष्ट अजून बाकी आहे. शिरोळच्या रानांखालच्या पाइपांतून निघालेले खारे पाणी ओढ्याने कृष्णेत येते. नरसोबावाडीला पंचगंगा मिळते, खिद्रापूरच्या कोपेश्वराजवळून नदी पुढे वळते आणि आपल्या जिल्ह्यात शिरते. उन्हाळ्यात पात्रात पाणी कमी असते तेव्हा त्यात क्षाराचे प्रमाण वाढते. तेच पाणी चिकोडी, रायबाग आणि अथणीचे पंप उचलून उसाला देतात, आणि त्या रानांखाली बहुतेक ठिकाणी अजून पाइप नाहीत. या पाण्याची मोजणी दोन राज्यांनी एकत्र बसून करावी, असा अर्ज आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी लिहायला घेतला आहे. तो मराठीत लिहायचा की कन्नडमध्ये, यावर गेल्या बैठकीत तासभर गेला. शेवटी दोन्ही भाषांत लिहायचे ठरले.